कोनशिलेवर हिशेब हवा

महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका १५ जानेवारी २०२६ रोजी एकदाच्या पार पडल्या. काही शहरांत २०२० पासून, तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत २०२२ पासून प्रशासकांच्या हाती असलेला कारभार पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आला. नवे सभागृह, नवे महापौर, नवी स्थायी समिती असा क्रम सुरू झाला, की अनेक शहरांत आज ना उद्या एक विषय कार्यपत्रिकेवर येतोच. तो म्हणजे नव्या प्रशासकीय इमारतीचा. जुनी इमारत अपुरी पडते, विभाग चार ठिकाणी विखुरले आहेत, नागरिकांना हेलपाटे घालावे लागतात, ही कारणे सांगितली जातात आणि ती बहुतांशी खरीही असतात. मग भूमिपूजन होते, मांडव पडतो, भाषणे होतात आणि संगमरवरी कोनशिलेवर मान्यवरांची नावे त्यांच्या पदांच्या उतरत्या क्रमाने कोरली जातात. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, कोणाचे राहून गेले, यावर चार दिवस धुसफूस चालते. मात्र ही वास्तू किती रुपयांत बांधावयाची ठरली, ते रुपये कोठून आले आणि शेवटी किती लागले, हे त्या दगडावर क्वचितच वाचावयास मिळते.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. पण लोकांच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या वास्तूकडे पाहण्याची समाजाची दृष्टी कशी आहे, हे त्या दगडावरून कळते. दगडावर फक्त नावे असतील, तर ती वास्तू कोणाची तरी देणगी ठरते. दगडावर हिशेब असेल, तर ती वास्तू करदात्याची ठरते. महापालिकेची इमारत कोणी कोणाला दिलेली देणगी नव्हे. ती नागरिकाने आपल्या घरपट्टीतून, पाणीपट्टीतून आणि विकास शुल्कातून उभी केलेली असते. तेव्हा तिचा हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

मुंबईचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभी असलेली महापालिकेची मुख्य इमारत रोज लाखो लोक येता-जाता पाहतात. तिची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसविण्यात आली. प्रत्यक्ष बांधकाम मात्र २५ एप्रिल १८८९ रोजी सुरू झाले आणि ३१ जुलै १८९३ रोजी ते पूर्ण झाले. समोरचे रेल्वे स्थानक ज्यांनी उभारले, त्याच एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्याकडे या इमारतीचे वास्तुशिल्प होते. या इमारतीतील एका शिलालेखावर दोन आकडे नोंदलेले आहेत. मंजूर अंदाजपत्रक होते ११,८८,०८२ रुपयांचे आणि प्रत्यक्ष खर्च झाला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे काम पूर्ण होऊन ६८,११३ रुपये शिल्लक राहिले. मंजूर रकमेच्या सुमारे पावणेसहा टक्के ही बचत होते. आजच्या सार्वजनिक बांधकामांचा अनुभव घेतलेल्या वाचकाला हे आकडे दोनदा वाचावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

या आकड्यांइकतेच त्या तारखांकडेही लक्ष द्यावयास हवे. कोनशिला बसल्यापासून पहिली कुदळ पडेपर्यंत चार वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात आराखड्यांचा खल झाला. मद्रासचे ख्यातनाम वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांचा आराखडाही विचारात होता. तो मागे पडून स्टीव्हन्स यांचा स्वीकारला गेला. एकदा काम हाती घेतल्यावर मात्र सव्वाचार वर्षांत अशी भव्य वास्तू उभी राहिली. जितका वेळ विचाराला लागला, जवळजवळ तितकाच वेळ बांधण्यास लागला. आज नेमके उलट घडते. विचार घाईघाईने उरकला जातो आणि बांधकाम वर्षानुवर्षे रेंगाळते. विचारात वाचविलेला वेळ पुढे दामदुपटीने मोजावा लागतो.

याचा अर्थ परकीय राजवटीचे गोडवे गावेत, असा नव्हे. त्या काळी महापालिकेसाठी मत देण्याचा अधिकार मूठभर करदात्यांपुरता मर्यादित होता. गिरणगावातील कामगाराला आणि माता-भगिनींना त्या सभागृहात आवाज नव्हता. एवढेच नव्हे, तर या देखण्या इमारतीत कारभार सुरू होऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती, तोच १८९६ मध्ये मांडवीच्या दाट वस्तीत प्लेगने डोके वर काढले आणि शहराची स्वच्छता, गटारे व चाळींची दुरवस्था यांचे उघडे-नागडे दर्शन जगाला झाले. उत्तम इमारत म्हणजे उत्तम कारभार नव्हे, हा धडाही त्याच वास्तूने दिला आहे. तरीही त्या इमारतीचा पैसा लंडनच्या खजिन्यातून आला नव्हता. तो मुंबईकरांच्या पालिकेचा होता, आणि पालिकेत फिरोजशहा मेहता यांच्यासारखे सभासद पै-पैचा जाब विचारीत होते. कोनशिला बसली त्या १८८४-८५ या वर्षी मेहता हेच पालिकेचे अध्यक्ष होते. त्यांचा पुतळा आजही त्या इमारतीसमोर उभा आहे. आकडे दगडावर कोरले गेले, त्यामागे जाब विचारणारा हा नागरी समाज होता.

हिशेबाची ही शिस्त आपल्याकडे बाहेरून आली, असे मानण्याचेही कारण नाही. तामिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. चोल राजा पहिला परांतक याच्या काळातील इ. स. ९१९ आणि ९२१ चे दोन शिलालेख तेथे आहेत. ग्रामसभेच्या भिंतीवरच ग्रामसभेचे नियम कोरलेले आहेत. गावाचे ३० विभाग, प्रत्येक विभागातून ताडपत्रावर नावे लिहून ती घटात टाकावयाची, लहान मुलाकडून चिठ्ठी काढवून घ्यावयाची, तलावाची समिती वेगळी, बागांची वेगळी, असा सारा तपशील त्यात आहे. आणि त्यातील एक कलम विशेष मोलाचे आहे. समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे निकटचे नातेवाईक पुन्हा समितीवर येण्यास अपात्र. अकराशे वर्षांपूर्वी एका गावाने हे ठरविले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा भिंतीवर कोरून ठेवले. सभेची वास्तू आणि सभेचा हिशेब यांची सांगड ही आपल्या परंपरेतीलच गोष्ट आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर रायगडाकडे पाहावे. श्रीजगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. राजधानी उभारणाऱ्या माणसाने आपले नाव दर्शनी भागावर मिरविले नाही. भाविकांचे पाय लागावेत अशा जागी सेवकाच्या नात्याने ते कोरले. गडकोटांच्या सहलीत ही पायरी आवर्जून दाखविली जाते, तिच्यापुढे माथे टेकविले जातात. पण त्या पायरीची शिकवण सहलीपुरतीच राहू नये. आपल्या गावच्या पालिकेची कोनशिला लिहिताना ती आठवली, तरच ते दर्शन सार्थकी लागले म्हणावयाचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. नवी इमारत हवी की नको? या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येणार नाही. इचलकरंजीला २०२२ मध्ये आणि जालन्याला २०२३ मध्ये महापालिकेचा दर्जा मिळाला. नगरपरिषदेपुरते बेतलेले कार्यालय महापालिकेच्या कारभाराला अपुरे पडू शकते, हे उघड आहे. अंधाऱ्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढणारा वृद्ध निवृत्तिवेतनधारक, जन्मदाखल्यासाठी रांगेत तान्हे मूल घेऊन उभी असलेली माता, बसावयास धड खुर्ची नसलेला कारकून, यांची गैरसोय हा चैनीचा विषय नव्हे. तेव्हा इमारतीला आंधळा विरोध करणे हेही शहाणपणाचे नाही. पण गरज सिद्ध झाली पाहिजे, आणि ती भाषणात नव्हे, कागदावर सिद्ध झाली पाहिजे.

गरज मोजण्याची रीत अवघड नाही. मंजूर आकृतिबंधानुसार पदे किती, त्यांपैकी भरलेली किती, पुढील २५ वर्षांत वाढणार किती, हे आधी पाहावे. रोज किती नागरिक कोणत्या कामासाठी येतात, त्यांतील किती कामे घरबसल्या संगणकावरून किंवा प्रभाग कार्यालयातून होऊ शकतात, याची नोंद घ्यावी. दाखले, कर भरणा, बांधकाम परवाने यांचा मोठा भाग आज ऑनलाइन होत असताना जुन्या काळच्या गर्दीचा हिशेब धरून दालने वाढविण्यात अर्थ नाही. अनेकदा असे आढळेल, की मुख्यालय दुप्पट करण्यापेक्षा प्रभाग कार्यालये सुधारणे स्वस्त पडते आणि नागरिकालाही जवळ पडते. जुन्या इमारतीची रचनात्मक तपासणी करून दुरुस्तीला किती खर्च येईल, हेही नव्या इमारतीच्या प्रस्तावाशेजारीच मांडले पाहिजे. दोन्ही आकडे समोर असतील, तरच सभागृहाला निवड करता येते. एकच आकडा समोर असेल, तर सभागृहाला केवळ मान डोलावता येते.

आराखडा करतानाही प्राधान्य कोणाला, हे पाहावयास हवे. तळमजला नागरिकांचा असावा. जी कामे रोजची, त्यांच्या खिडक्या तेथेच असाव्यात. पदाधिकाऱ्यांची दालने वरच्या मजल्यावर गेली, तर बिघडत नाही. स्वच्छतागृहे, उद्वाहन, अपंगांसाठी उतार, हिरकणी कक्ष या गोष्टी आराखड्याच्या शेवटी उरलेल्या जागेत कोंबावयाच्या नसतात. सभागृहात प्रेक्षक कक्ष हवा आणि तो नागरिकांसाठी खरोखर खुला हवा. अभिलेख कक्षाला तर विशेष जपले पाहिजे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि असंख्य कागदपत्रांची राख झाली. ज्या वास्तूत शहराच्या जमिनींचे, जन्म-मृत्यूंचे, मालमत्तांचे कागद असतात, तेथील अग्निसुरक्षा हा शोभेचा विषय नसतो.

बांधकामाचा दर्जा ही दुसरी बाजू. २१ जून २०१८ रोजी पुणे महापालिकेच्या नव्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते झाले आणि त्याच दिवशी आलेल्या पावसाचे पाणी नव्या सभागृहात गळले. पुणेकरांनी त्यावर यथेच्छ विनोद केले. पण विनोदाखाली दडलेली वेदना अशी, की उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून काम पूर्ण झाले असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. वास्तविक काम पूर्ण झाले, तपासले गेले, पावसाळा त्यावरून गेला आणि मग तारीख ठरली, असा क्रम असावयास हवा.

पैशाचा विचार हा या साऱ्याचा गाभा आहे. इमारतीसाठी पैसा उभा करण्याचे मार्ग ढोबळमानाने चार आहेत. पहिला मार्ग स्वतःच्या उत्पन्नातील बचतीचा. दरवर्षी ठरावीक रक्कम राखीव निधीत टाकून चार-पाच वर्षांनी काम हाती घ्यावयाचे. सामान्य कुटुंब घर बांधताना हेच करते. हा मार्ग संथ आहे, पण निर्धोक आहे. अडचण अशी, की पाच वर्षे साठवावयाचे आणि उद्घाटन पुढच्याने करावयाचे, ही कल्पना फारच थोड्यांना रुचते.

दुसरा मार्ग शासकीय अनुदानाचा. अनुदान फुकटचे असते, असा समज आहे. तो खरा नाही. शासनाकडून पहिला हप्ता येतो, त्यावर काम सुरू होते आणि पुढचा हप्ता न आल्यास सांगाडा उभा राहून पावसात भिजत राहतो. शिवाय पालिकांची आर्थिक स्वायत्तता आधीच आक्रसली आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, तोही ऑगस्ट २०१५ पासून बहुतांश व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईची जकातही संपली. त्यानंतर राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर पालिकांचा मोठा डोलारा उभा आहे. अशा स्थितीत इमारतही दुसऱ्याच्या भरवशावर उभारावयाची का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तिसरा मार्ग कर्जाचा. कर्ज वाईट नसते. ते कशासाठी काढले, यावर त्याचे बरे-वाईट ठरते. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये राज्य शासनाच्या हमीविना १०० कोटींचे रोखे काढले. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले. इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे थेट नागरिकांसाठी खुले केले. अहमदाबाद आणि पुण्याचे रोखे पाणीपुरवठ्यासाठी होते, इंदूरचे पाणी उपसण्याला लागणाऱ्या विजेचा खर्च वाचविणाऱ्या सौरऊर्जा प्रकल्पासाठी. पाण्याची पट्टी मिळते, विजेची बचत होते; त्यातून कर्ज फेडता येते. प्रशासकीय इमारत मात्र काही कमावत नाही. तिचा हप्ता नागरिकाच्या करातूनच जातो. उदाहरणादाखल, एखाद्या पालिकेने इमारतीसाठी १०० कोटी रुपये ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतले, तर दरसाल सुमारे १२ कोटी ४० लाखांचा हप्ता पडेल आणि १५ वर्षांत एकूण सुमारे १८६ कोटी द्यावे लागतील. हे १२ कोटी ४० लाख दरवर्षी कोणत्या कामातून कमी होणार? शाळेच्या दुरुस्तीतून, दवाखान्याच्या औषधांतून की पावसाळी गटारांच्या सफाईतून? कर्जाचा प्रस्ताव मंजूर करताना हे नाव घेऊन सांगितले गेले पाहिजे.

चौथा मार्ग जमिनीचा. मोक्याची जुनी जागा विकसकाला द्यावयाची आणि त्याने मोबदल्यात पालिकेला इमारत बांधून द्यावयाची. पालिकेचा एक रुपयाही खर्च होणार नाही, असे या मार्गाचे वर्णन केले जाते. सर्वाधिक सावधगिरी येथेच बाळगावयास हवी. खर्च होत नाही असे नाही, तो दिसत नाही एवढेच. शहराच्या मध्यभागातील जमीन ही पिढ्यानपिढ्यांची ठेव असते. ती एकदा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने गेली, की परत येईपर्यंत दोन पिढ्या उलटतात. तिचे बाजारमूल्य काय, विकसकाला मिळणाऱ्या बांधकामाचे मूल्य काय आणि पालिकेच्या पदरात पडणाऱ्या इमारतीचे मूल्य काय, हे तीन आकडे एकाच कागदावर मांडले, तर व्यवहार सरळ आहे की वाकडा, हे व्यापाराचे ज्ञान नसलेल्या गृहिणीलाही समजेल. म्हणून हा कागद सभागृहापुढे येण्यापूर्वी नागरिकांपुढे यावा.

मार्ग कोणताही निवडला, तरी घात होतो तो पुढे. प्रशासकीय मान्यता मिळते, तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो. मग पाया खोदताना खडक लागतो, कारण माती परीक्षण नीट झालेले नसते. मधेच एक मजला वाढविण्याचे ठरते. सभागृहाचे छत बदलते, दगडाचा प्रकार बदलतो, अंतर्गत सजावट मूळ अंदाजपत्रकात नव्हतीच, असे लक्षात येते. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला, तर रास्त वाटतो. सर्वांची बेरीज झाली, की ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ नावाचा प्रस्ताव येतो. हा शब्दप्रयोग मोठा सोज्वळ आहे. त्यात सुधारणा फक्त रकमेची झालेली असते. इमारत अर्धी उभी असल्याने नकार देणेही शक्य नसते. म्हणून पहिले अंदाजपत्रकच पूर्ण असावे. सजावट, विद्युतीकरण, अग्निसुरक्षा, संगणकजाळे, वाहनतळ आणि पुढील दहा वर्षांची देखभाल हे सारे त्यात धरलेले असावे. काम सुरू झाल्यावर आराखड्यात बदल करावयाचा असेल, तर तो कोणी सुचविला, त्याने किती रक्कम वाढली, हे सभागृहात नोंदवावे. दोषदायित्वाचा कालावधी संपेपर्यंत ठेकेदाराची अनामत परत करू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. आहेत ते नियम पाळण्याची इच्छा लागते.

येथे आणखी एक नाजूक मुद्दा आहे. प्रशासकांच्या काळात शहरोशहरी अनेक मोठी कामे मंजूर झाली. प्रशासकांनी चुकीचे केले, असे म्हणण्याचा हेतू नाही. कायद्याने त्यांना अधिकार होता. पण ज्या निर्णयाचा बोजा पुढील १५-२० वर्षे शहरावर राहणार, तो सभागृहातील चर्चेविना झाला असेल, तर नव्या सभागृहाने तो पुन्हा तपासून पाहणे हे त्याचे कर्तव्य ठरते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले, ते सभागृहाच्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्यासाठी नव्हे.

आणि आता जे सभागृहात आले आहेत, त्यांच्याबद्दल. राज्यातील अनेक महापालिकांत आज सत्तेवर असलेली माणसे कार्यकर्त्यांना आपली वाटतात. निवडणुकीत त्यांच्यासाठी घरोघर चिठ्ठ्या वाटल्या गेल्या आहेत, चहाच्या कपावर मते मागितली गेली आहेत. अशा वेळी इमारतीच्या खर्चाचा प्रश्न विचारणे म्हणजे घरात भांडण काढणे, असा संकोच मनात येणे स्वाभाविक आहे. हा संकोच सोडावयास हवा. परक्याला प्रश्न विचारणे सोपे असते. त्यात स्वतःचे काही पणाला लागत नाही. आपल्या माणसाला आस्थेने, पण स्पष्टपणे प्रश्न विचारणे, हीच कार्यकर्त्याची कसोटी आहे. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा जमाखर्च मांडवात लावण्याची रीत आपल्याकडे आहे. शे-पाचशेच्या वर्गणीला जी शिस्त लागू, ती शेकडो कोटींच्या इमारतीला लागू नसावी, असे कोणी म्हणणार नाही. जो लोकप्रतिनिधी प्रामाणिक आहे, त्याला अशा प्रश्नांचा आधारच वाटेल. ज्याला त्यांचा राग येईल, त्याच्याबद्दल वेळीच कळलेले बरे.

प्रश्न विचारण्याची साधनेही हाताशी आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार, अंदाजपत्रके आणि खर्चाची माहिती कोणी मागण्यापूर्वीच जाहीर करणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळातील अनुदानासाठी हिशेब ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची अट घातली होती. अर्थसंकल्पाचे पुस्तक मिळविता येते. निवृत्त अभियंते, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, बँकेतील अधिकारी प्रत्येक शहरात आहेत. त्यांतील अनेकजण आपल्या सायंकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावरच भेटतात. त्यांच्यातील चार-पाच जणांनी दर तीन महिन्यांनी बांधकामाची प्रगती आणि खर्च पाहून एक पानी टिपण प्रसिद्ध केले, तर त्याचा परिणाम दहा मोर्चांहून अधिक होईल. अर्थात, प्रश्न विचारणाऱ्याची स्वतःची घरपट्टी थकलेली नसावी. कर वेळेवर भरणे आणि त्याचा हिशेब मागणे या एकाच नागरिकधर्माच्या दोन बाजू आहेत. पहिली पाळणाऱ्यालाच दुसरीचा नैतिक अधिकार पोचतो.

शेवटी पुन्हा त्या दगडाकडे यावयाचे. राज्यातील एखाद्या तरी महापालिकेने असा ठराव करावा, की आपल्या नव्या इमारतीच्या दर्शनी भागावर जो शिलालेख बसेल, त्यावर काम सुरू झाल्याचा व पूर्ण झाल्याचा दिनांक असेल, मंजूर रक्कम व प्रत्यक्ष खर्च असेल, पैसा कोठून आला हे असेल आणि ज्यांनी ती बांधली त्या वास्तुविशारद, अभियंता व ठेकेदार यांची नावे असतील. मान्यवरांची नावे नसली तरी चालतील. शहराला त्यांची आठवण त्यांच्या कामाने राहील. हा ठराव मंजूर करण्यास एक पैसाही लागत नाही. मात्र तो एकदा मंजूर झाला, की अंदाजपत्रक लिहिणारा, मजला वाढविणारा, देयकावर सही करणारा प्रत्येक हात क्षणभर थांबेल. कारण शेवटचा आकडा फाइलीत दडणार नाही. तो दगडावर येणार आहे आणि त्याच्या नातवंडांनाही तो वाचता येणार आहे, हे त्याला ठाऊक असेल.